लोणी कुणी चोरलं?

घरोघरी ताक व्हायचं त्या काळात एक प्रसंग प्रत्येक घरात कधी ना कधी यायचाच. घुसळून घुसळून दंड भरून येतात, डेऱ्यात फेस चढतो, पण लोणी काही येत नाही. माझी आजी अशा वेळी आधी रवीला चार शब्द ऐकवायची. मग थंडीचे दिवस असतील तर डेऱ्यात थोडं कोमट पाणी ओतायची, उन्हाळा असेल तर माठातलं गार. थोड्या वेळात लोण्याचा गोळा वर यायचा. असं का होतं, हे तिला सांगता आलं नसतं. पण उपाय तिला ठाऊक होता.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या आयर्लंडमध्ये, एखाद्या लहान शेतकऱ्याच्या घरी हाच प्रसंग आला की बरेचदा वेगळाच प्रश्न विचारला जाई. लोणी कुणी चोरलं?

चोरलं म्हणजे भांड्यातून उचलून नेलं असं नव्हे. दूध आपल्याच गोठ्यात, साय आपल्याच घरात, पण तिच्यातली बरकत कुणीतरी मंत्रतंत्राने स्वतःच्या घरी वळवून नेली, अशी ती समजूत. आपण इथे घुसळत बसायचं आणि लोणी शेजारणीच्या पिंपात जमा व्हायचं!

आरोग्याच्या स्तंभात आयर्लंडचं लोणी कुठून आलं, असं वाचकांना वाटेल. मी सरकारी रुग्णालयात डॉक्टर आहे. ‘हे कशामुळे झालं?’ याऐवजी ‘हे कुणी केलं?’ हा प्रश्न मी ओपीडीत पंचवीस-तीस वर्षं ऐकते आहे. या प्रश्नाचं पुढे काय होतं, हे आयर्लंडच्या लोण्याच्या गोष्टीत फार स्पष्ट दिसतं. म्हणून ती सांगते.

आधी त्या देशात लोण्याला काय मोल होतं ते पाहू. आयर्लंडमध्ये पीटच्या दलदली आहेत. हजारो वर्षं साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा हा काळा थर लोक कापून, वाळवून सरपणासारखा जाळतात. तो कापताना कधी कधी मेणासारखे पिवळट-पांढरे गोळे सापडतात. हे लोणी! दलदलीत थंडावा असतो, प्राणवायू जवळजवळ नसतो आणि पाणी आम्लधर्मी असतं, त्यामुळे ते टिकून राहिलं. २०१६ मध्ये मीथ परगण्यात सापडलेला असा एक गोळा सुमारे दहा किलोचा आणि दोनेक हजार वर्षांपूर्वीचा होता. डब्लिन आणि ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा अनेक नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध केली. ती चरबी दुधाचीच निघाली आणि त्यातले सर्वांत जुने नमुने कांस्ययुगातले, म्हणजे साडेतीन हजार वर्षांहून जुने निघाले.

पुढे हेच लोणी व्यापाराचा माल झालं. कॉर्क शहरात १७७० मध्ये लोण्याची बाजारपेठ सुरू झाली आणि एकोणिसाव्या शतकात ती जगातली सर्वांत मोठी मानली गेली. आसपासच्या परगण्यांतून लाकडी पिंपांत भरलेलं खारवलेलं लोणी तिथे येई. त्याचा दर्जा ठरवून पिंपावर शिक्का मारला जाई आणि ते जहाजाने पार वेस्ट इंडीजपर्यंत जाई. लहान कुळाच्या घरात मात्र लोणी खाण्यापेक्षा विकण्यासाठीच जास्त असे. जमीनदाराचा खंड त्यातून भागायचा. खंड भरला नाही तर घरातून बाहेर काढलं जाण्याची भीती होती. लोणी घुसळणं हे बायकांचं काम होतं. म्हणजे घराचं छप्पर टिकणार की नाही, हे बऱ्याच अंशी एका बाईच्या पिंपात काय जमतं यावर अवलंबून होतं.

हे लक्षात घेतलं की त्या घरातल्या रूढी नुसत्या गमतीच्या वाटत नाहीत.

घुसळण्याचं पिंप उभं, लाकडी. झाकणाला भोक आणि त्यातून वरखाली करायचा एक लांब दांडा. घुसळण चालू असताना कुणी दारात आलं, तर त्याने ‘देव या कामाला बरकत देवो’ असं म्हणायचं आणि दांडा हातात घेऊन थोडा वेळ घुसळायचं. मग तो पाहुणा असो, फेरीवाला असो की घाईत निघालेला शेजारी. जो हात न लावता निघून जाईल, तो लोण्याची बरकत घेऊन गेला असं समजत. घुसळण संपेपर्यंत घरातला विस्तव बाहेर जाऊ द्यायचा नाही. चुलीवर पेटवलेला पाइप तोंडात धरून बाहेर पडायलाही मनाई. पिंपाला रोवन नावाच्या झाडाची डहाळी गुंडाळायची, त्याखाली गाढवाचा नाल ठेवायचा, चिमूटभर मीठ टाकायचं. आणि एवढं करूनही लोणी आलं नाही, तर नांगराचं लोखंडी पातं चुलीत घालून लाल होईपर्यंत तापवायचं. पातं तापेल तसा चोरणाऱ्या बाईचा जीव कासावीस होतो आणि ती धावत दाराशी येते, अशी समजूत होती.

सगळ्यात धास्तीचा दिवस १ मे. आयरिश भाषेत त्याला बेल्टना म्हणतात. हा उन्हाळ्याचा पहिला दिवस, गुरं नव्या कुरणात सोडण्याचा काळ. त्या पहाटे विहिरीच्या पाण्यावरचा पहिला थर जो काढून नेईल, त्याच्याकडे त्या विहिरीवरच्या सगळ्या घरांचं वर्षभराचं लोणी जाईल असं मानत. म्हणून लोक रात्रभर विहिरीवर पहारा देत. शेजाऱ्याच्या कुरणातल्या दवावरून कापड ओढत नेलं की त्याच्या गाईंचं दूध आपल्याकडे येतं, अशीही समजूत होती. त्या दिवशी दूध, मीठ किंवा विस्तव कुणालाही द्यायचा नाही. मागायला येणारी बाई संशयित ठरे. आणि हेही लक्षात घ्या की बऱ्याच ठिकाणी खंड भरण्याच्या वर्षातल्या दोन तारखा म्हणजे १ मे आणि १ नोव्हेंबर. देणं भरायची तारीख आणि चोरीची भीती एकाच पहाटे येत होती.

संशय कुणावर यायचा? बहुतेक वेळा म्हाताऱ्या, एकट्या, गरीब बाईवर. तिची एक गोष्ट आयर्लंडभर सांगितली जाते. पहाटे एक ससा गाईच्या सडाला तोंड लावून दूध पिताना दिसतो. शिकारी त्याच्यावर कुत्रा सोडतात. कुत्रा मागच्या पायाचा लचका तोडतो, पण ससा एका झोपडीच्या खिडकीतून आत उडी घेतो. लोक दार उघडून पाहतात तर आत म्हातारी, धापा टाकते आहे आणि तिच्या पायातून रक्त वाहतं आहे. ससा होऊन दूध चोरणाऱ्या म्हाताऱ्यांचा उल्लेख जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरूने बाराव्या शतकात आयर्लंडविषयी लिहिलेल्या ग्रंथातही आहे. म्हणजे हा संशय किमान आठशे वर्षं जुना.

आता लोणी खरोखर का येत नाही ते पाहू. दुधातली चरबी अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात असते आणि प्रत्येक थेंबाभोवती एक पातळ आवरण असतं. घुसळताना ही आवरणं फाटतात, थेंब एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे कण, मग गोळे होतात. पण हे होण्यासाठी थेंबातली चरबी थोडी घट्ट, थोडी पातळ अशी हवी. साय फार थंड असेल तर थेंब खड्यांसारखे एकमेकांवर आपटतात, चिकटत नाहीत. फार कोमट असेल तर सगळं तेलकट होतं आणि लोणी मऊ पडून ताकातच राहतं. सायीसाठी साधारण १२ ते १५ अंश सेल्सियस तापमान ठीक पडतं. घरात थर्मामीटर नसताना, आयर्लंडच्या लहरी हवेत हे जमवणं किती अवघड असेल याची कल्पना करा.

तापमानाशिवाय आणखी कारणं आहेत. विताना जवळ आलेल्या, दूध आटत चाललेल्या गाईच्या दुधात चरबीचे थेंब लहान असतात आणि ते लवकर एकत्र येत नाहीत. आयर्लंडमध्ये गाई बहुधा वसंतात विणाऱ्या, त्यामुळे हिवाळ्याच्या तोंडाला ही अडचण ठरलेली. गाय वाळल्या चाऱ्यावरून कोवळ्या गवतावर गेली की दुधातली चरबी मऊ होते, म्हणजे मे महिन्यात घुसळणीचं गणित पुन्हा बदलतं. कासदाह, ज्याला आपल्याकडे दगडी म्हणतात, तो झाला तर दुधाची घडणच बिघडते. पिंप नीट धुतलं नसेल तर त्यातले यीस्ट आणि जिवाणू फेस आणतात. पिंप काठोकाठ भरलं असेल तर सायीला हलायला जागाच राहत नाही.

यातलं एकही कारण शेजारणीच्या घरात नव्हतं. सगळी आपल्याच गोठ्यात, पिंपात आणि हवेत होती.

मग या रूढी निव्वळ वेडगळ होत्या का? इथे दोन्ही बाजूंनी सावध राहावं लागतं. आजकाल व्हॉट्सअ‍ॅपवर प्रत्येक जुन्या रूढीमागे ‘शास्त्रीय कारण’ शोधून देणारे लोक भेटतात. रोवनच्या डहाळीने किंवा गाढवाच्या नालाने लोणी येत नाही. उगाच ओढूनताणून त्यात विज्ञान घुसवू नये. मात्र काही रूढींचा उपयोग होत असणार. दांडा एका लयीत बराच वेळ, कधी तासभरही हलवावा लागतो. येणाऱ्या-जाणाऱ्याने हात लावायचा म्हटलं की दमलेल्या बाईला विसावा मिळतो आणि लय तुटत नाही. शिवाय उपाय केल्यावर लोणी यायचंही, हे विसरू नका. पातं आणून तापवण्यात जो वेळ जाई, तेवढ्यात चुलीजवळची थंड साय आपोआप ऊब धरत असेल. घरच्यांना मात्र वाटे, चेटूक उतरलं. आपोआप बरी होणारी सर्दी ज्या काढ्याने बरी होते, त्यातलाच हा प्रकार. आम्हा डॉक्टरांच्या काही औषधांनाही असं फुकटचं श्रेय मिळतं, हे कबूल करते.

काही रूढी मात्र घातक होत्या. आयर्लंडमध्ये करणीला ‘पिशोग’ म्हणतात. एखाद्याचं वाईट व्हावं म्हणून त्याच्या शेतात किंवा गवताच्या गंजीत अंडी, सडकं मांस किंवा मेलेल्या वासराचे अवशेष लपवून ठेवायचे, म्हणजे आपलं दुर्दैव त्याच्याकडे जातं, अशी समजूत होती. यातली अंडी निरुपद्रवी. पण ते वासरू ब्रुसेलोसिसने गर्भातच मेलेलं असेल तर? या रोगाने गाई गाभडतात आणि पडलेला गर्भ, वार आणि स्राव यांत जिवाणू खच्चून भरलेले असतात. ते शेजाऱ्याच्या कुरणात टाकले तर त्याच्या गाईंना रोग होऊ शकतो. म्हणजे ही करणी खरोखर ‘लागू’ पडू शकत होती! गाईंमधल्या या रोगाचा जिवाणू डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये शोधून काढला. पुढे तपासणी आणि निर्मूलनाची मोहीम दीर्घकाळ राबवून आयर्लंड २००९ मध्ये या रोगातून अधिकृतपणे मुक्त झालं.

हा रोग माणसालाही होतो. आठवडेच्या आठवडे चढउतार करणारा ताप, रात्री दरदरून घाम, कंबर आणि सांधे दुखणं अशी लक्षणं घेऊन गुरं पाळणारे रुग्ण आमच्याकडेही येतात. म्हणून कच्चं दूध पिऊ नका आणि गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हातांनी काढू नका, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

‘कुणी केलं?’ हा प्रश्न जनावरांवरून माणसांच्या आजारावर आला की काय होतं, याची एक नोंद आयर्लंडच्या न्यायालयात आहे. १८९५ मध्ये टिपररी परगण्यातली ब्रिजेट क्लिअरी ही २६ वर्षांची शिवणकाम करणारी बाई तापाने आजारी पडली. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरला बोलावणी गेली, पण तो तिच्या घरी पोहोचेपर्यंत आजाराला आठवड्याहून जास्त दिवस झाले होते. तोवर घरात वेगळंच निदान ठरत चाललं होतं. ही खरी ब्रिजेट नव्हेच, परीलोकांनी तिला पळवून नेऊन तिच्या जागी दुसरंच काहीतरी ठेवलं आहे, असं तिचा नवरा म्हणू लागला. तिला जबरदस्तीने काढे पाजले, चुलीच्या विस्तवावर धरलं आणि अखेर नवऱ्याच्या हातून ती जळून मेली. नवऱ्याला २० वर्षांची शिक्षा झाली.

ही हकिकत वाचताना माझं लक्ष दर वेळी त्या उशिरा पोहोचलेल्या डॉक्टरकडे जातं. मी सरकारी नोकर आहे, म्हणूनही असेल. आजाराचं कारण सांगणारा माणूस वेळेवर आला नाही की त्याची जागा मोकळी राहत नाही. तिथे संशय येऊन बसतो.

लोण्याच्या चोरीचा धाक कमी झाला त्याचीही कथा अशीच आहे. चर्च पिशोगविरुद्ध सांगतच होतं, शिकलेले लोक हसतच होते. त्याने फारसं काही हललं नाही. १८७८ मध्ये स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी सलग चालणारं, गरगर फिरून दुधातून साय वेगळं करणारं यंत्र तयार केलं. १८८९ मध्ये लिमरिक परगण्यातल्या ड्रमकॉलर इथे होरेस प्लंकेट यांच्या प्रयत्नांतून आयर्लंडची पहिली सहकारी क्रीमरी उभी राहिली. शेतकरी सकाळी गाढवगाडीतून दूध तिथे नेऊ लागला. तापमान मोजलं जाऊ लागलं, भांडी वाफेने धुतली जाऊ लागली. आपल्या घरी लोणी करायचंच नाही म्हटल्यावर ते ‘न येण्याचा’ प्रश्नच हळूहळू उरला नाही. याची किंमतही होती. लोण्याचे पैसे आतापर्यंत घरच्या बाईच्या हातात येत, ते क्रीमरीच्या हिशेबातून पुरुषाच्या नावावर जमा होऊ लागले. समजूत अर्थात एका दिवसात गेली नाही. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या सुमारे पाच हजार शाळांमधल्या मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लोकपरंपरा वह्यांमध्ये उतरवल्या. त्यात घुसळणीच्या रूढी भरपूर आहेत. दांड्याला हात न लावता गेलेला पाहुणा त्या वह्यांमध्येही भेटतो.

आता माझी एक आठवण. नोकरीच्या सुरुवातीला मी तालुक्याच्या ठिकाणी ग्रामीण रुग्णालयात होते. एका बाळंतिणीला चौथा दिवस होता. बाळ रडून रडून लाल झालं होतं. सासूने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, “मॅडम, पोरीचं दूध आटवलंय. थोरल्या जावेची नजर हाय. तिला मूलबाळ न्हाई.” ती थोरली जाऊ वॉर्डच्या दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होती. चार दिवस तिला बाळाजवळ येऊ दिलं नव्हतं.

तपासलं तर दूध आटलेलं नव्हतं, स्तन उलट ठणकत होते. बाळ नुसतं बोंड तोंडात धरत होतं. त्याच्या तोंडात भोवतालचा काळा भाग नीट जात नव्हता, त्यामुळे ओढच बसत नव्हती. त्यात बाळाला मधाची बोटं आणि पाणी चालू होतं, म्हणून भूकही मरत होती. शिवाय आई घाबरलेली. घाबरलेल्या आईचं दूध उतरवणारं संप्रेरक खरोखर अडखळतं. नजर लागल्याची भीतीच दुधाच्या आड येत होती.

सिस्टरने बाळ कसं धरायचं ते दाखवायला घेतलं. बाळंतिणीच्या पाठीला आधार द्यायला कुणीतरी हवं होतं. मी सासूला म्हटलं, “तुम्ही दमलात आजी, बसा. त्या बाहेर उभ्या आहेत ना, त्यांना बोलवा.” सासूने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. थोरली जाऊ आत आली, पलंगावर चढून धाकटीच्या पाठीशी बसली आणि तिला टेकू दिला. बाळ पहिल्यांदा चांगलं दहा मिनिटं प्यालं.

दोन दिवसांनी ते घरी निघाले तेव्हा बाळाच्या गालावर मोठी काळी तीट होती. सासूने दृष्टही काढली असणार. दूध त्यामुळेच आलं, असंच ती गावात सांगणार होती, आणि मी तिच्याशी वाद घातला नाही. बाळ मात्र थोरल्या जावेच्या कडेवर होतं.

आयर्लंडची ती दांड्याची रूढी मी नंतर कधीतरी वाचली आणि मला वॉर्डमधला तो पलंग आठवला. दाराशी आलेल्या माणसाचा संशय येत असेल, तर त्याला हाकलू नका, आत बोलवा आणि दांडा त्याच्या हातात द्या, असंच ती रूढी सांगत होती. लोणी पुढे तापमानानेच यायचं. पण तोवर दारातलं माणूस चोर ठरण्याऐवजी मदतीला आलेलं असायचं.